फूल यायच्या आत

इनूस चाचा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं कधी बघत नसत. त्यांची नजर कायम जमिनीवर. नव्या माणसाला वाटायचं, हा माणूस एकतर लाजाळू आहे, नाहीतर याच्या हातून काहीतरी गुन्हा घडलेला आहे. मलाही आधी पहिलीच गोष्ट खरी वाटली होती. दुसरी खरी आहे, हे कळायला सव्वा वर्ष लागलं.

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. काचपट्ट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसून कपाटात ठेवायचे, प्रॅक्टिकलला लागणारा झाडपाला सकाळी हिंडून गोळा करून आणायचा, हे त्यांचं काम. शिक्षण सातवी. घरात फळांचा धंदा, भाऊ अजूनही पाटोद्याच्या स्टँडसमोर गाडा लावतो. चाचांचा वेष ठरलेला होता. ऐन मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, गळ्याला दस्ती बांधलेली आणि पँटच्या खिशात दुधाच्या रिकाम्या पिशव्या. त्या पिशव्यांचं काय करतात, हे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराला पडणारं कोडं होतं.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडील शेळ्या राखतात. त्यामुळं झाडपाल्यातलं आपल्याला काहीतरी कळतं, अशी माझी समजूत होती, आणि म्हणूनच मी हा विषय घेतला होता. ती समजूत दुसऱ्याच आठवड्यात गेली. मॅडमनी टेबलावर ट्रे मांडले होते, एकेका ट्रेमध्ये एकेक रोप, मुळासकट. माझ्या वाट्याला आलेलं रोप म्हणजे जमिनीला चिकटून पसरलेली पानांची चकती होती. दांडा नाही, फूल नाही. पानं कातरलेली, करडट हिरवी.

"हं, सांगा," मॅडम म्हणाल्या.

मी लई वेळ बघितलं. मागची पोरं कुजबुजायला लागली. मग मी हळूच म्हणाले, "शेवंती."

अख्खा वर्ग हसला. मॅडमसुद्धा थोड्या हसल्या. ते गाजर गवत होतं. आमच्या रानात ते मी जन्मापासून बघत आले आहे. आमच्याकडं त्याला चटकचांदणी म्हणतात, आणि आमच्या शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. पण मला ते कमरेइतकं वाढलेलं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं ठाऊक होतं. त्याचं हे बाळपण मी कधी निरखलंच नव्हतं.

मोरीपाशी नळ्या धूत उभे असलेले चाचा तेवढे हसले नाहीत. फरशीकडं बघत म्हणाले, "मॅडम, पोरगी लई चुकली न्हाई. झाड लहान हाय. लहानपणी समदेच शेवंतीसारखे दिसत्यात."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए शेवंती, इकडं ये." कुणी चिडवलं तर मला राग यायचा. चाचांचा कधी आला नाही. का ते सांगता येत नाही. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता एवढं खरं.

दुपारच्या सुट्टीत मला प्रयोगशाळेच्या पायरीवर बसवून त्यांनी माझ्या डोळ्यांवर स्वतःची दस्ती बांधली. म्हणाले, "डोळे लई गडबड करत्यात. आमच्या अब्बांनी आमाला सीताफळं निवडायला शिकवली ती अशीच. गिऱ्हाईक फळ दाबून बघतं अन् खराब करतं. दाबायचं न्हाई, नुसतं बोट फिरवायचं. खवल्याच्या मधी बोट बसलं की फळ तयार."

त्यांनी एकेक पान माझ्या हातात दिलं. पहिलं पान जाड, मऊ, चुरल्यावर घमघमाट. "ही तुझी शेवंती." दुसरं पातळ, चुरल्यावर भाजीबाजारात गेल्यासारखा वास. "हे गाजर. भावाच्या शेजारच्या गाड्यावरनं आणलं." तिसरं त्यांनी दिलं ते दुधाच्या पिशवीत हात घालून. "हे एकदाच धर. मग साबणानं धू."

ते गाजर गवताचं पान खरबरीत होतं, बारीक लव असलेलं. त्याला गाजराचा वास अजिबात नव्हता. मग त्यांनी माझं बोट एका काडीवरून वरून खाली नेलं. काडीवर उभ्या रेघा होत्या, बारीक नाल्या काढल्यासारख्या, आणि वरून तीच लव.

"पान फसवतं," चाचा म्हणाले. "काडी फसवत न्हाई. ह्या नाल्या ध्यानात ठेव."

"आन् फूल, चाचा?"

"फूल आल्यावर कुणीबी ओळखील. पांढरं, ज्वारीच्या दाण्याएवढं, पाच कोपऱ्यांचं. पण फूल म्हंजी कबुलीजबाब झाला की. चोरानं सोता येऊन सांगितल्यावर पोलिसाचं काय काम? आपलं काम फूल यायच्या आत."

हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत. चहा निवायच्या आत, घंटा व्हायच्या आत, असं कुणी काही म्हणालं की चाचांची पुस्ती यायची, "अन् फूल यायच्या आत." दुधाच्या पिशव्यांचं कोडंही त्याच दिवशी सुटलं. ते त्यांचे हातमोजे होते. गाजर गवताचं त्यांना वावडं होतं. पावसाळा लागला की मान, कोपरं आणि पापण्या काळवंडून यायच्या, खाजून खाजून कातडी जाड व्हायची. तरी रोज सकाळी सात वाजता, कॉलेज उघडायच्या आधी, हा माणूस कंपाऊंडभर वाकून हिंडायचा आणि गाजर गवत उपटायचा. मुळासकट, जमीन ओली असताना. उपटलेलं सगळं मागच्या खड्ड्यात शेणकाल्यात टाकायचे.

हे त्यांचं काम नव्हतं. कुणी सांगितलेलं नव्हतं. ऑफिसातले गव्हाणे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, त्यांना रोज खिडकीतून छेडायचे.

"काय इनूसभाई, कॉलेजात सरकारनं तुमाला गवत काढायला ठेवलंय का?"

"न्हाई बाबू. तुमाला खिडकीत बसायला ठेवलंय तसं मला वाकायला ठेवलंय."

"अहो, ते संपणार हाय का? रस्त्यानं हाय, माळानं हाय, आख्ख्या जिल्ह्यात हाय."

"जिल्हा मी कुठं घेतलाय? कंपाऊंडापुरतं बोला."

बाबू हसून खिडकी लावून घ्यायचे. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. एकमेकांशिवाय चहा प्यायचे नाहीत.

चाचांना चिडलेलं मी एकदाच बघितलं. मी दुसऱ्या वर्षाला होते. गणपती झाल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांनी स्वच्छता मोहीम काढली. त्या वर्षी चाचा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर होते, आणि तेवढ्यात वसतिगृहाच्या मागं गाजर गवत फुलावर येऊन गेलं होतं. पोरं उत्साही. सगळं उपटलं, मोठमोठे भारे बांधले आणि ते ओढत ओढत, वसतिगृहापासून ग्रंथालयावरून, ऑफिससमोरून, थेट गेटपर्यंत नेले. गेटपाशी ढिगासमोर उभं राहून फोटो काढले. मीही त्या फोटोत आहे. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी.

दुसऱ्या दिवशी चाचा रजेवरून परत आले. डोळ्याला हिरवी पट्टी. ढीग बघून खूश होतील असं आम्हाला वाटलं होतं. ते ढिगापाशी थांबलेच नाहीत. भारे ओढल्याचा जो माग मातीत उमटला होता, त्याच्यावर उकिडवे बसले. बोटानं माती उचलली. तळहातावर काळे, बारीक दाणे दिसत होते, राळ्याहूनही बारीक.

"पेरलं," ते म्हणाले. "आख्ख्या कंपाऊंडात पेरलं तुमी. पाभर घेऊन पेरलं असतं तरी इतकं सारखं पडलं न्हसतं."

चाचांनी खराटा आणला आणि वसतिगृहापासून गेटपर्यंतचा तो माग झाडायला लागले. थोड्या वेळानं मी दुसरा खराटा आणला. ग्रंथालयापाशी आल्यावर चाचा बोलले, नेहमीसारखे जमिनीकडं बघत.

"शेवंती, त्या दिवशी वर्गात मी हसलो न्हाई, आठवतं का? कावून, सांगू?"

मग त्यांनी सांगितलं. ते नोकरीला लागले तेव्हा कॉलेज नवं होतं. नुसता मुरमाड माळ, दोन खोल्या आणि पत्रे. त्या वेळच्या सरांनी त्यांना म्हटलं, चार फुलझाडं लाव. चाचा पाटोद्याहून येताना रस्त्याच्या कडेला त्यांना एक छान रोप दिसलं. जमिनीला चिकटलेलं, कातरलेल्या पानांचं. शेवंती समजून त्यांनी ते मुळासकट काढलं, डालडाच्या डब्यात लावलं आणि प्रयोगशाळेच्या दारात ठेवलं. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. उन्हाचं आत घ्यायचं, सावलीचं बाहेर काढायचं. दीड-दोन महिन्यांनी फूल आलं. इवलंसं, पांढरं.

"सर हसून हसून बेजार. म्हणले, इनूस, तू जहराला दूध पाजलंस. मी म्हटलं, सर, एवढं आलंय तर राहू द्या, दिसतं बरं. राहू दिलं. पुढच्या पावसात दारात पाच झाडं. त्याच्या पुढच्या पावसात मोजायची सोय न्हाई." चाचांनी खराटा टेकवून उभा केला. "तवर ह्या माळावर एक बी न्हवतं. लोक म्हणत्यात वाऱ्यानं आलं, खताच्या गाड्यातनं आलं. मला ठावं हाय. ह्या कंपाऊंडातलं समदं गाजर गवत माझी औलाद हाय."

मी म्हणाले, "चाचा, एका डब्यातनं एवढं कसं होईल? आलंच असतं कुठून ना कुठून."

"आलं असतं. पण मी आणलं." त्यांनी परत झाडायला सुरुवात केली. "पुढच्या ऑगस्टला मी रिटायर हाय. जाताना माळ जसा घेतला तसा द्यायचा. एक बी फूल दिसलं न्हाई पाहिजे. मग मी सुखानं घरी बसतो."

झाडत झाडत आम्ही ऑफिससमोर आलो होतो. हे खिडकीतून बाबूंनी ऐकलं. "एक बी फूल न्हाई? इनूसभाई, हे झाडलेलं बघता ना? पुढच्या वर्षी पीक बघा. लावा शर्त."

"लावली."

"काय देता?"

"द्यायला काय हाय माझ्याकडं? मी हरलो तर निरोपाच्या भाषणात माइकवर सांगतो की गव्हाणे बाबूंना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"आन् मी हरलो तर?"

चाचांनी थोडा विचार केला. "शेवटच्या दिवशी तुमची खुर्ची. मी बसणार. आन् मी घंटी वाजवली की तुमी उठून यायचं."

बाबूंची ती फिरती खुर्ची साऱ्या कॉलेजात एकच होती. प्राचार्यांचीसुद्धा फिरत नव्हती. बाबू म्हणाले, "मंजूर."

तो पावसाळा माझ्या ध्यानात आहे. रोहिण्या बरसल्या आणि आठ दिवसांत ग्रंथालयापासून गेटपर्यंत, पोरांनी भारे ओढले होते त्या मागावर, हिरवी पट्टी उगवली. झाडूनही उगवली. चाचा वाकले. रोज सात वाजता. मीही सकाळच्या बसनं लवकर येऊ लागले. माझ्याबरोबर वसतिगृहातल्या दोघी. हातात दुधाच्या पिशव्या घालून आम्ही चकत्या उपटायचो. आधी आधी चुकून तरोटा उपटला, एकीनं तर प्राचार्यांच्या कुंडीतला झेंडू उपटला. चाचा म्हणायचे, "घाई न्हाई. आधी वळख, मग उपट. निरपराध मारायचा न्हाई."

जुलैत त्यांचे डोळे सुजून बंद व्हायची वेळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, गवताच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. चाचींनी आम्हाला निरोप पाठवला, "त्येंला आडवा." दोन दिवस चाचा आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सातला स्टूल घेऊन हजर. तोंडाला दस्ती बांधलेली, लांब बसून हातानं खुणा करत होते. "डावीकडं. कडुलिंबाखाली. त्याच्या मागं एक हाय, लपलंय."

बाबू त्या दिवशी खिडकीत न बसता बाहेर आले. "इनूसभाई, सोडा आता. शर्त मी हरलो म्हणतो. आजपासनं बसा खुर्चीत."

"अजून ऑगस्ट कुठं संपलाय?"

"डोळे जातील ना ओ तुमचे."

"म्हणून तर म्हणतो, बसू द्या. दिसतंय तवर बघतो." मग लगेच, "शेवंती, तुझ्या पायाखाली."

ऑगस्टचा शेवटचा दिवस उजाडला. चाचा पांढरेशुभ्र कपडे घालून आले. सकाळी अकरा वाजता गव्हाणे बाबू चष्मा पुसून तपासणीला निघाले. वसतिगृहाच्या मागं गेले, पाण्याच्या टाकीखाली वाकले, सायकल स्टँडचे पत्रे उचलून बघितले. पाऊण तास. अर्धं कॉलेज त्यांच्या मागं. एकही पांढरं फूल सापडलं नाही. बाबू ऑफिसात आले आणि फिरती खुर्ची स्वतः टॉवेलनं पुसून बाहेर ओढली.

चाचा बसले. खुर्ची उजवीकडं फिरवली, डावीकडं फिरवली. घंटी वाजवली. बाबू उठून आले.

"काय साहेब?"

"काय न्हाई. वाजते का ते बघितलं."

चार वाजता निरोप समारंभ होता. चाचांसाठी ती खुर्ची व्यासपीठावर नेली होती. विद्यार्थ्यांच्या वतीनं पुष्पगुच्छ द्यायला मॅडमनी माझं नाव दिलं होतं. मला व्यासपीठाची भीती वाटते, पण नाही म्हणता आलं नाही. पुष्पगुच्छ बाबूंनी मुद्दाम बीडहून मागवला होता. प्लास्टिकच्या कागदात बांधलेला, लाल जरबेरा, पिवळे गुलाब आणि मधेमधे भरलेली बारीक पांढरी फुलं. मी तो मागच्या खोलीतून उचलला. देठ बांधलेल्या रिबीनीखाली माझं बोट एका काडीवरून घसरलं.

नाल्या. उभ्या, बारीक, वरून लव.

मी कागद वाकवून आत बघितलं. पांढरी फुलं पाच कोपऱ्यांची होती. सात काड्या. बाहेर माइकवरून माझं नाव पुकारलं. काड्या ओढून काढाव्यात तर गुच्छ सुटला असता, फुलं झडली असती. न द्यावा तर काय सांगायचं? नाव दुसऱ्यांदा पुकारलं. मी गेले. चाचांच्या समोर उभी राहिले आणि हात पुढं होईनात.

चाचांनी वर बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग गुच्छाकडं.

"किती हायेत?" ते हळूच म्हणाले.

"सात."

"दे."

"चाचा, तुमाला वावडं…"

त्यांनी नव्या पँटच्या खिशातून दुधाची पिशवी काढली, हातात घातली आणि गुच्छ घेतला. सभागृहाला गंमत वाटली, टाळ्या पडल्या. चाचा खुर्चीतून उठले आणि माइकपाशी गेले.

"बाबू, खुर्ची तुमची. मी हरलो."

बाबू खालच्या रांगेतून उभे राहिले. "कावून? मी सोता बघितलंय. एक बी न्हाई."

"वर या. चष्मा लावा. पांढऱ्या फुलाचे कोपरे मोजा."

बाबू वर आले. चष्मा कपाळावर सारून फूल अगदी डोळ्याजवळ नेलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. एक, दोन, तीन. मग परत पहिल्यापासून.

"पाच हायेत," ते म्हणाले. कान लाल झाले होते. "पण इनूसभाई, हे इथं उगवलं न्हाई. मी पैसे देऊन बीडहून आणलं. सजावटीला घालत्यात ते. शर्त उगवायची होती, आणायची न्हवती."

"माझं तरी कुठं उगवलं होतं, बाबू," चाचा म्हणाले. "मीबी आणलंच होतं की."

मग कबूल केल्याप्रमाणे त्यांनी माइकवर सांगितलं, गव्हाणे बाबूंना माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच त्यांचं भाषण.

चहा झाल्यावर मी खिडकीतून बघितलं. त्यांना सोडायला प्राचार्यांची गाडी उभी होती, पण ते सायकलवर निघाले होते. गळ्यातली दस्ती सोडून त्यांनी ती पुष्पगुच्छाच्या तोंडाला गच्च बांधली होती, एखाद्या लेकराला कानटोपी घालावी तशी, आणि गुच्छ कॅरिअरला लावला होता. सायकल हातात धरून ते सावकाश गेटकडं चालले होते. त्यांच्या मागं, चार पावलं अंतर ठेवून, गव्हाणे बाबू खराट्यानं रस्ता झाडत निघाले होते. व्यासपीठाच्या पायरीपासून, इस्त्रीच्या कपड्यांत, कमरेत वाकून.

गेटपाशी चाचा थांबले. मान वर न करता मागं बघितलं.

"कोपऱ्यात राहिलं, बाबू," ते म्हणाले, आणि बाहेर पडले.